पामच्या पानांना करवतीचे दात: वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात म्हटलं होतं की गेमच्या ग्राफिक्सबद्दल काय अडलं असेल ते विचारा, आणि पत्रं उघडून बघते तर बरीचशी तक्रार एकच, कडा दातेरी दिसतात, मॉडनं (गेमवर बाहेरून चढवायच्या जोडफाइलनं) जातील का. म्हणून या वेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलंय. पाच पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण पुढच्या सगळ्यांना लागणारी गोष्ट तिथेच सांगून टाकलीय, तेव्हा ते वगळू नका.

ताई, मी सांगलीला डिप्लोमाच्या दुसर्‍या वर्षाला आहे. दादाचा जुना लॅपटॉप माझ्याकडे आलाय, १५.६ इंची, १३६६ बाय ७६८ ची स्क्रीन, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. त्यावर जीटीए व्हाइस सिटी खेळतो. पण खांब, वायरी, पामची पानं, गाडीचं टप, सगळं करवतीसारखं दिसतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये अँटी-एलियासिंगचा, म्हणजे कडा गुळगुळीत करायचा, ऑप्शनच नाही. मित्र म्हणतो मॉड टाक. कुठला टाकू आणि लॅपटॉपला झेपेल का?

झेपेल, आरामात झेपेल. पण मॉडच्या आधी एक बघ, कारण हे नव्वद टक्के जण बघतच नाहीत असं मला वाटतं. गेम पहिल्यांदा टाकला की तो ६४० बाय ४८० वर सुरू होतो. म्हणजे गेम चित्र काढतोय जेमतेम ३ लाख ७ हजार पिक्सेलचं आणि तुझी स्क्रीन आहे साडेदहा लाख पिक्सेलची, मग ते छोटं चित्र ओढून ताणून स्क्रीनभर पसरवलं जातं आणि प्रत्येक दात दुप्पट मोठा होतो. तर आधी डिस्प्ले सेटअपमध्ये जाऊन रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८, शेवटचा आकडा ३२ असलेलं, ते निवड. चित्र आडवं फाकल्यासारखं वाटलं, गेमचा नायक टॉमी जाडा दिसायला लागला, तर व्हाइस सिटीसाठी थर्टीनएजी नावाच्या मॉडकारानं केलेला वाइडस्क्रीन फिक्स आहे तो टाक, त्यानं माप बरोबर होतं. आणि डिस्प्ले सेटअपमध्येच ट्रेल्स नावाचं एक सेटिंग आहे ते बंद कर, ते आधीच्या फ्रेमचं चित्र नव्यावर पुसट चढवत राहतं, त्यामुळे सगळीकडे एक धूसरपणा येतो. हे न करता वर अँटी-एलियासिंग लावलंस तर धुक्यावर इस्त्री केल्यासारखं होईल.

आता दात मुळात का येतात ते सांगते, कारण हे एकदा कळलं की कुठल्या गेमला कुठलं औषध ते तुझं तुलाच ठरवता येईल. एसटीच्या नाहीतर सिटी बसच्या कपाळावरची एलईडीची पाटी डोळ्यासमोर आण. 'स्वारगेट' लिहिलेलं असतं ना, त्यातली शिरोरेषा एकदम सरळ, काना एकदम सरळ, पण 'र' ची तिरकी शेपटी बघ, ती पायर्‍या पायर्‍यांनी उतरते. दिवा एकतर पेटतो नाहीतर नाही पेटत, अर्धा पेटायची सोयच नाही. तुझ्या स्क्रीनचंही तेच. गेममधली प्रत्येक वस्तू त्रिकोणांची बनलेली असते आणि ग्राफिक चिप प्रत्येक पिक्सेलच्या मधोमध एकच टिंब धरून विचारते, हे टिंब त्रिकोणात आहे का बाहेर? आत असेल तर पूर्ण पिक्सेल खांबाच्या रंगाचा, बाहेर असेल तर पूर्ण पिक्सेल आभाळाच्या रंगाचा. अर्धा झाकला असला तरी मधला रंग नाही. गंमत अशी की ४५ अंशात तिरकी रेघ तेवढी खुपत नाही, खुपते ती जवळजवळ सरळ पण किंचित कललेली रेघ, वीस पिक्सेल गेल्यावर एक पिक्सेल खाली उतरणारी, कारण तिची पायरीच वीस पिक्सेल लांब असते आणि तू चालायला लागलास की ती पायरी रेघेवरून सरकताना दिसते. ओशन ड्राइव्हवरच्या हॉटेलांच्या गच्चीची कड बघ, हेच होतं तिथे. हा काही आजचा प्रश्न नाही, फ्रँक क्रोनं १९७७ मध्येच यावर पेपर लिहून सांगितलं होतं की चित्रात जेवढी बारीक माहिती आहे तेवढे नमुने आपण घेत नाही म्हणून हे होतं.

यावर सरळ उपाय म्हणजे एका पिक्सेलमध्ये एकाऐवजी चार ठिकाणी विचारायचं आणि सरासरी काढायची. खरा आणि सगळ्यात सुंदर उपाय तोच, पण महाग. २००३ मध्ये व्हाइस सिटी पीसीवर आला तेव्हा घरोघरच्या कार्डांना हे जड जायचं आणि गेमच्या मेनूत ते दिलंच नाही. तुझ्याकडे वेगळं कार्ड असतं तर ड्रायव्हरच्या पॅनेलमधून ४ एक्स (एका पिक्सेलला चार नमुने) लादून बघ म्हटलं असतं, जुन्या गेमना ते बर्‍याचदा लागू पडतं. तुझ्या लॅपटॉपवर मात्र दुसरी वाट धरू, चित्र पूर्ण काढून झाल्यावर त्याच्यावरून हात फिरवायचा.

यासाठी रीशेड नावाचं फुकट टूल आहे, क्रोसायर या नावानं ओळखल्या जाणार्‍या माणसानं केलेलं. अडचण एकच, व्हाइस सिटी ग्राफिक चिपशी बोलतो ते डायरेक्टथ्रीडी ८ या भाषेत आणि रीशेड ९ पासून पुढे. मग त्याच माणसाची 'डीथ्रीडी८टू९' नावाची दुभाष्याचं काम करणारी छोटी फाइल आहे, गेमची आठची भाषा नऊमध्ये करून देते. ती 'डीथ्रीडी८.डीएलएल' फाइल गेमच्या फोल्डरमध्ये, जिथे 'जीटीए-व्हीसी.ईएक्सई' आहे तिथे, शेजारी ठेवायची. मग रीशेडचा इन्स्टॉलर चालवायचा, गेमची ईएक्सई दाखवायची, डायरेक्टथ्रीडी ९ निवडायचं आणि इफेक्टच्या यादीतून फक्त एसएमएए, म्हणजे कडा शोधून गुळगुळीत करणारा इफेक्ट, तेवढं घ्यायचं. फक्त तेवढंच, मी परत सांगते. यादी बघून मोह होतो, ब्लूम घेऊ, रंग भडक करू, आणि मग लॅपटॉप गरम होऊन बसतो आणि दोष रीशेडला. गेम सुरू करून होम की दाबलीस की वर पॅनेल येतं, लॅपटॉपवर होम बर्‍याचदा एफएन धरून दाबावी लागते, तिथे एसएमएए समोर टिक कर.

टिक केल्यावर लगेच खेळायला जाऊ नकोस, पाच मिनिटं दे. एसएमएएच्या सेटिंगमध्ये डिबग म्हणून एक चित्र बघायची सोय आहे, तिथे 'एजेस' लाव. सगळी स्क्रीन काळी होईल आणि त्यावर लाल-हिरव्या बारीक रेघा उमटतील. टूलला जिथे जिथे कड सापडली ती ही जागा. आता टॉमीला एका दिव्याच्या खांबासमोर उभा कर आणि बघ, खांबाच्या दोन्ही बाजूंना अखंड रेघ दिसते का तुटक? तुटक असेल तर थ्रेशोल्डचा (किती फरक दिसला की कड धरायची त्याचा) आकडा ०.१० वरून हळूहळू ०.०५ कडे आण, रेघ भरत जाईल. पण त्याच वेळी जमिनीकडे लक्ष ठेव, रस्त्याच्या डांबराचे ठिपकेपण लाल-हिरवे व्हायला लागले की समज आता जास्त झालं, ते पण पुसले जाणार, एक पाऊल मागे ये. मी स्वतः याच पद्धतीनं लावते आणि माझं मत आहे की दुसर्‍याचं तयार सेटिंग (प्रीसेट) उतरवण्यापेक्षा हे शंभरपट बरं, कारण त्याची स्क्रीन वेगळी, तुझी वेगळी.

आता एक खरं सांगायला हवं. विजेच्या तारा मात्र यानं पूर्ण सुधारणार नाहीत. तार एका पिक्सेलपेक्षा बारीक असली की काही पिक्सेलच्या मधल्या टिंबाला ती लागते, काहींना लागतच नाही, म्हणून ती तुटक तुटक ठिपक्यांची दिसते. जे चित्रात आलंच नाही ते नंतर हात फिरवून कुठून आणणार? पामच्या पानांचं अर्धं अर्धं, ती पानं म्हणजे एका चौकोनी तुकड्यावर चिकटवलेलं कापलेलं चित्र आहे, जवळून छान होतील, लांबून थोडी चमचमतील. खांब, गच्च्या, गाड्यांची टपं, पीसीजे बाइकचं हँडल, हे सगळं मात्र असं स्वच्छ होईल की तू पॅनेल उघडून टिक काढून-लावून बघत बसशील. आणि फ्रेम लिमिटर, म्हणजे सेकंदाला किती चित्रं काढायची ते बांधून ठेवणारं सेटिंग, चालूच ठेव, तो काढला की गाड्यांचं वागणं बिघडतं.

नमस्कार ताई. पुण्यात आयटीत आहे, डार्क सोल्सची जुनी पीसी कॉपी आहे, प्रिपेअर टू डाय एडिशन. मॉनिटर १०८० चा, कार्ड चांगलं, गेममध्ये १०८० निवडलं, अँटी-एलियासिंग ऑन केलं, तरी चित्र धूसर आणि कडा खडबडीत. डीएसफिक्स हा मॉड टाकला तर स्क्रीनच गडबडली. काय चुकतंय?

तुमचं चुकत नाहीये, गेमच तसा आला होता. २०१२ च्या ऑगस्टमध्ये हा पीसीवर आला तेव्हा मेनूत तुम्ही काहीही निवडा, आतून चित्र १०२४ बाय ७२० वरच काढलं जायचं, म्हणजे सव्वासात लाखांच्या आसपास पिक्सेल, आणि ते ताणून तुमच्या २० लाख ७३ हजार पिक्सेलच्या मॉनिटरवर. म्हणून धूसरही आणि खडबडीतही, दोन्ही एकदम. ड्युरांटे या नावानं लिहिणार्‍या पीटर थोमननं गेम बाहेर पडल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिला डीएसफिक्स काढला, आणि पुढे हाच माणूस गेम पीसीवर आणायचं काम अधिकृतपणे करायला लागला. मला ही गोष्ट फार आवडते, कारण ज्यानं फुकट केलं त्याच्याकडून शेवटी गेम कंपन्याच पैसे देऊन काम करून घ्यायला लागल्या.

आता तुमची गडबड. डीएसफिक्स लावलं की गेमच्या आतलं अँटी-एलियासिंग बंदच हवं. आधी डीएसफिक्स काढून गेम उघडा, मेनूत अँटी-एलियासिंग ऑफ करा, सेव्ह करून बाहेर या, मग डीएसफिक्सच्या फाइली परत ठेवा. दोन्ही एकदम चालले की एकमेकांच्या पायात पाय घालतात, तुम्हाला दिसलं ते तेच. नंतर डीएसफिक्सची आयएनआय फाइल नोटपॅडमध्ये उघडा, रेंडर विड्थ १९२० आणि रेंडर हाइट १०८०, एए टाइपला (एए म्हणजे अँटी-एलियासिंग) एसएमएए, आणि एए क्वालिटी आधी मधली ठेवून बघा. कार्ड चांगलं म्हणताय तर एकदा रेंडर ३८४० बाय २१६० करून बघाच, गेम चौपट पिक्सेल काढेल आणि मॉनिटरवर आणताना चारांची सरासरी होईल. मघाशी सांगलीच्या मुलाला सांगितलेला तो महागाचा उपाय, तो तुम्हाला परवडेल. बारीक साखळ्या, जाळ्या, लांबचे कठडे, जे एसएमएएला जमत नाही ते सगळं यात येतं.

डीएसफिक्सचं मला सगळ्यात पटलेलं काम म्हणजे ते कडा गुळगुळीत करतं ते वरची अक्षरं आणि लाइफची पट्टी उमटायच्या आधी. रीशेडला चित्र मिळतं ते सगळं उमटून झाल्यावर, त्यामुळे त्याला अक्षराची कड आणि तलवारीची कड सारखीच, दोन्ही घासतो. इथे अक्षरं ठसठशीत राहतात. एसएमएएबद्दल पण दोन ओळी, ते २०१२ मध्ये स्पेनमधल्या झारागोझा विद्यापीठातल्या होर्हे हिमेनेस आणि त्याच्या साथीदारांनी क्रायटेक या गेम कंपनीतल्या माणसाबरोबर मिळून केलं आणि सोर्स कोड सगळ्यांना मोकळा ठेवला, म्हणून तर ते इतक्या मॉडमध्ये सापडतं. ते नुसतं पुसत नाही. पायरी कुठे सुरू झाली, कुठे संपली, वर वळते का खाली, हे मोजतं, त्यावरून मूळ रेघ कुठून गेली असेल याचा अंदाज बांधतं आणि पिक्सेलचा जेवढा भाग त्या रेघेखाली यायला हवा तेवढाच शेजारचा रंग त्यात मिसळतं. त्याच्या आधीचं, २००९ चं एनव्हिडियाच्या टिमोथी लॉट्सचं एफएक्सएए जास्त हलकं आहे, पण ते उजेड-अंधाराचा फरक दिसला की घासतं, म्हणून दगडाचा खरखरीतपणापण थोडा जातो. अगदीच कमजोर मशीन असेल तरच मी एफएक्सएए सुचवते.

एक जपा, डीएसफिक्सनं सेकंदाला ६० फ्रेम सुरू केले असतील तर शिडीवरून घसरत उतरू नका, पायरी पायरीनं उतरा. ६० वर घसरलं की कधीकधी माणूस जमिनीतून आरपार जातो.

ताई, माझा प्रॉब्लेम उलटा आहे. रेड डेड रिडेम्प्शन २ खेळते, जीटीएक्स १६५० कार्ड, १०८० वर. टीएए ऑन केलं की सगळं व्हॅसलीन लावलेल्या काचेतून बघितल्यासारखं, ऑफ केलं की गेमचा नायक आर्थरची दाढी आणि झाडं अशी चमचमतात की डोळे दुखतात. यावर मॉड आहे का? – नागपूर

आधी टीएए काय करतं ते बघू, म्हणजे बंद केल्यावर दाढीला काय होतं ते कळेल. टीएए हाही अँटी-एलियासिंगचाच प्रकार, तो प्रत्येक फ्रेमला कॅमेरा अर्ध्या पिक्सेलपेक्षाही कमी इकडेतिकडे हलवतं, तुला जाणवतसुद्धा नाही, आणि गेल्या काही फ्रेमची चित्रं एकावर एक मिसळत राहतं. म्हणजे एका पिक्सेलचे चार-आठ नमुने घ्यायचे ते एकदम न घेता वेळेत वाटून घ्यायचे. उभं राहून बघितलंस तर चित्र सुंदर असतं, बघ हवं तर. पळायला लागलीस, घोडा उधळला, की आधीच्या फ्रेममधला पिक्सेल आता कुठे गेला हे शोधावं लागतं आणि तिथे चूक झाली की धूसरपणा, मागे सावलीसारखी शेपटी.

आता या गेमवाल्यांनी टीएए आहेच असं धरून बाकीचं चित्र रचलंय. दाढी, केस, पानं ही एका फ्रेममध्ये पूर्ण काढतच नाहीत, एक पिक्सेल आड एक अशी जाळीदार काढतात आणि भरवसा हा की टीएए पुढच्या फ्रेममध्ये भोकं भरेल. तू टीएए बंद केलंस की ती जाळी उघडी पडते. म्हणून टीएए काढून त्या जागी एसएमएए लावायचा सल्ला तुला कोणी दिला तर या गेमपुरता तो ऐकू नकोस, एसएमएए त्या जाळीच्या प्रत्येक भोकाला कड समजेल.

मी काय करेन सांगते. टीएए मीडियम किंवा हाय, तिथेच खाली टीएए शार्पनिंगची पट्टी आहे ती थोडी वर. तेवढ्यानं भागलं नाही तर रीशेडमधून सीएएस नावाचा एकच इफेक्ट, हा एएमडीनं २०१९ मध्ये काढलेला शार्पनर आहे आणि एनव्हिडियावरपण चालतो. त्याची खुबी ही की जिथे आधीच कड ठळक आहे तिथे कमी जोर लावतो आणि जिथे मऊ पडलंय तिथे जास्त, त्यामुळे कडेला पांढरी किनार फुटत नाही. हा लाव आणि आर्थरला छावणीत शेकोटीशेजारी उभा करून कोटाच्या कापडाकडे बघ, वीण परत दिसायला लागली की थांब. त्याच्या पुढे गेलीस की दाढीचे केस तारेसारखे होतात. हे फक्त स्टोरी मोडमध्ये हं, ऑनलाइनला जाताना काढून जा.

आणि दुसरा उपाय मॉडविना. अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये रिझोल्यूशन स्केल आहे, ते ५/४ कर. मग गेम आतून २४०० बाय १३५० चं चित्र काढेल, म्हणजे पिक्सेल दीडपटीहून जरा जास्त, आणि टीएएला खायला जास्त नमुने मिळाले की धूसरपणा एकदम उतरतो. १६५० ला हे जड जाणार, खोटं कशाला सांगू, पण सावल्या आणि पाण्याची सेटिंग एकेक पायरी खाली आणलीस तर तो सौदा मला तरी पटतो, कारण सावली मऊ पडली तर कोणाच्या लक्षात येत नाही आणि चेहरा धूसर झाला तर दर मिनिटाला येतो. डीएलएसएसच्या (एनव्हिडियाचं लहान चित्र हुशारीनं मोठं करणारं तंत्र) मागे मात्र लागू नकोस, त्याला चिपमधले जे टेन्सर कोअर नावाचे खास भाग लागतात ते १६५० मध्ये नाहीतच.

दीदी, फोनवर बीजीएमआय खेळतो. लांबचा माणूस आणि गवत यांच्या कडा एक होऊन जातात. जीएफएक्स टूल टाकून अँटी-एलियासिंग वाढवू का? सगळे टाकतात. – जालना

नको. गेमच्या फाइलींना बाहेरून हात लावणारं टूल त्या गेमच्या नियमांत बसत नाही आणि आयडी गेला की वर्षांची मेहनत गेली. मी एकदा एका ऑनलाइन गेममध्ये रीशेड काढायचं विसरून शिरले होते, त्यात नुसता एसएमएए होता, कोणाला दिसण्या-मारण्यात काही फायदा होईल असं काहीच नाही, तरी चीटिंग पकडणार्‍या प्रोग्रामनं गेम सुरूच होऊ दिला नाही. त्याला तुझा हेतू कळत नाही, त्याला फक्त परकी फाइल दिसते.

आणि तुला त्याची गरजही कमी आहे. हिशोब कर, साडेसहा इंचाच्या १०८० बाय २४०० च्या फोनवर इंचाला चारशेच्या वर पिक्सेल बसतात, वर सांगलीच्या मुलाच्या लॅपटॉपवर इंचाला जेमतेम शंभर. तुझे दात त्याच्यापेक्षा चौपट बारीक आहेत. मग दिसतं का खडबडीत, तर ग्राफिक्स स्मूथवर ठेवलं की गेम आतून लहान चित्र काढून ताणतो म्हणून. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये अँटी-एलियासिंगचं स्वतःचं बटण आहे, ते चालू कर आणि ग्राफिक्स एक पायरी वर घेऊन बघ. फोनच्या ग्राफिक चिपा स्क्रीनचे छोटे छोटे चौकोन करून एकेक चौकोन चिपच्या आतल्याच मेमरीत पूर्ण करतात, त्यामुळे जास्तीचे नमुने बाहेरच्या मेमरीत ने-आण करावे लागत नाहीत आणि हे काम फोनला कॉम्प्युटरच्या मानानं स्वस्तात पडतं. दोन-तीन मॅच खेळून फोन किती तापतो ते बघ, जास्त तापला तर बंद कर, तापलेला फोन फ्रेम सोडतो आणि मारामारीच्या वेळी तेच महागात पडतं.

मॅडम, मी गेम खेळत नाही. माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, कॉम्प्युटरवर माइनक्राफ्ट खेळतो. 'आई, झाडं चमचमतात, त्यासाठी मॉड टाकायचाय' म्हणून मागे लागलाय. याच कॉम्प्युटरवर माझं बँकेचं काम असतं. टाकू द्यावं का? – रत्नागिरी

तुमचं पत्र मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं. तुम्हाला आलेली शंका अगदी बरोबर आहे आणि त्याची मागणीपण चुकीची नाही, त्याची नजर बारीक आहे असं समजा.

माइनक्राफ्टच्या जावा एडिशनमधला मॉड म्हणजे 'जार' नावाची फाइल आणि ती फाइल म्हणजे चालणारा प्रोग्राम. मुलाच्या लॉगिनला कॉम्प्युटरवर जे जे करता येतं ते सगळं त्या फाइलला करता येतं. २०२३ च्या जूनमध्ये कर्सफोर्ज या नावाजलेल्या ठिकाणीसुद्धा काही मॉडमध्ये 'फ्रॅक्चरायझर' नावाचा व्हायरस घुसवलेला सापडला होता, तो ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड चोरायचा. म्हणजे जागा ओळखीची आहे एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

म्हणून आधी त्याला मॉडविना करता येणारं करायला सांगा, बहुतेक तेवढ्यावरच भागेल. व्हिडिओ सेटिंगमध्ये मिपमॅप लेव्हल म्हणून पट्टी आहे, ती ४ वर न्यायची. म्हणजे लांबच्या ठोकळ्यांसाठी गेम आधीच बारीक करून ठेवलेली चित्रं वापरतो आणि लांबचा डोंगर खदखदायचा थांबतो. मग ग्राफिक्स फॅन्सीऐवजी फास्ट करायचं, त्यानं पानांमधली भोकं बुजतात, झाड जरा भरीव, कोबीच्या गड्ड्यासारखं दिसतं, पण चमचम जाते आणि गेम हलकाही होतो. आणि त्याला हेही सांगा की माइनक्राफ्टमधला प्रत्येक ठोकळा १६ बाय १६ ठिपक्यांनीच रंगवलेला आहे, जवळ गेल्यावर जे मोठे मोठे चौकोन दिसतात ते बिघडलेलं नाही, ते तसंच काढलंय आणि कुठल्याही मॉडनं ते गुळगुळीत करू नये असं मला मनापासून वाटतं. तो बेडरॉक एडिशन खेळत असेल तर मग तिथे गेमच्याच सेटिंगमध्ये अँटी-एलियासिंग मिळतं, प्रश्नच मिटला.

एवढं करूनही त्याला ठोकळ्यांच्या कडा खुपल्याच तर ऑप्टिफाइन नावाचा मॉड आहे, त्यात अँटी-एलियासिंग आहे, ते लावल्यावर गेम बंद करून परत चालू करावा लागतो आणि शेडर (उजेड-सावल्या बदलणारे पॅक) किंवा फास्ट रेंडर हे सेटिंग चालू असलं की ते चालत नाही, मुलं इथेच अडकतात. पण हे करण्याआधी कॉम्प्युटरवर मुलाचं वेगळं लॉगिन काढा, अ‍ॅडमिन नसलेलं, आणि त्यालाच सांगा की तुझा गेम तुझ्या लॉगिनमध्ये, आईचं काम आईच्या लॉगिनमध्ये. बँकेचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवले असतील तर आजच काढून टाका, हे मॉड टाका न टाका तरी करा. फाइल ऑप्टिफाइनच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्यायची, कोणाच्या व्हिडिओखालच्या लिंकवरून नाही, आणि त्या साइटवर मध्ये जाहिरातीचं पान येतं, तिथे मोठ्ठं हिरवं डाउनलोडचं बटण असेल तर ते बहुतेक जाहिरातीचंच असतं, वर कोपर्‍यात छोटं 'स्किप' असतं ते दाबायचं. उतरलेल्या फाइलच्या नावाचा शेवट डॉट जार हवा. डॉट ईएक्सई असेल तर उघडायची नाही, सरळ डिलीट. पहिल्या वेळी तुम्ही शेजारी बसा आणि तो काय दाबतोय ते त्याला मोठ्यानं वाचायला लावा.